डब्याचा आवाज

"कच्ची पिल्लं, वाट चुकली असतील," गेल्या वर्षी दादा साळसूदपणे म्हणाला होता. शर्यतीतून दमून येणारी माझी सात कबुतरं त्यानंच दाण्यांचा डबा वाजवून आपल्या गच्चीवर उतरवली, त्यांच्या पायांतल्या रिंगा कापल्या आणि ती विकून टाकली. हे मला वहिनीकडून कळलं. यंदा तो दुकानात गेला की मी पलीकडून, माझ्या गच्चीवरून, तस्साच डबा वाजवायचो आणि त्याची पिल्लं झेपावत आली की त्यांच्यावर पाण्याचा फवारा सोडायचो. महिनाभर हेच केलं. आज शर्यत. त्याची नऊ पिल्लं सगळ्यांच्या आधी आभाळात दिसली. दादानं डबा वाजवला. पिल्लं दचकली, गिरकी घेऊन वर चढली, दूर जाऊ लागली. "यांना झालंय तरी काय?" दादा रडकुंडीला आला. "अजून जोरात वाजव, दादा," मी म्हणालो.