तक्क्याचा दोष

"दोष हिच्यात नाही, माझ्यात आहे," तक्क्या म्हणाला आणि हातातला तिसरा टोस्ट त्याने हळूच बशीत परत ठेवला.

मावशीचा कप ओठांपाशीच थांबला. ती आज मुद्दाम सकाळी सकाळी आली होती. लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हलत नाही. बहिणीच्या मुलाने आता दुसरा विचार करावा, असं तिचं म्हणणं होतं. मुलगीही तिने पाहून ठेवली होती. घरची सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता, पण तिच्या हातात भांडं नव्हतं.

"तुझ्यात? म्हणजे काय रे?" आईने विचारलं.

तक्क्याचं सोफे दुरुस्तीचं दुकान होतं. एकशे अठरा किलो वजनामुळे कारागिरांनी त्याला हे नाव दिलं होतं आणि तोही त्या नावाला ओ देत असे. गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवावं, तसं त्याने आईला समजावून सांगितलं.

"पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. आणि चरबी म्हणजे नुसता कोंबलेला फोम नव्हे, आई. ती ते संप्रेरक बायकांच्या संप्रेरकात बदलून टाकते. माझं रक्त तपासलं. फारच कमी निघालं."

मावशीने त्याच्या पोटाकडे पाहिलं. पुढे काही विचारायची तिला गरजच वाटली नाही.

"तरीच!" ती म्हणाली आणि चहा संपवून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून आई त्याला पहाटे चालायला नेऊ लागली. तेलाची बाटली तिने स्वतःच्या ताब्यात घेतली. एकदा सुनेजवळ बसून म्हणाली, "मीच भरवलं गं याला. एकुलता एक, ताट रिकामं दिसलं की वाढायचे. आणि बोलले मात्र तुला."

सुनेने सासूचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुकानात चेष्टेला ऊत आला. "शेठ, सिंगल सीटर होणार की काय?"

"आधी थ्री सीटरवरून टू सीटरवर तर येऊ दे," तक्क्या धापा टाकत म्हणायचा.

वर्षभरात बावीस किलो उतरले. पण घरात गोड बातमी काही आली नाही. मावशी मात्र आली.

"आता तर चांगला बारीक झालाय. आता कोणाचा दोष म्हणायचा?" तिने सुनेकडे बघत विचारलं.

"तू बस इथेच. मी डॉक्टरांनाच विचारून येते," आई म्हणाली.

"तू कशाला? मी जाऊन येतो," तक्क्या घाईने म्हणाला. "रांग फार मोठी असते."

"मग बसेन रांगेत."

डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या आईने विषय काढला. "एवढं वजन उतरवलं हो याने. आता ते संप्रेरकाचं इंजेक्शन तरी द्या."

"कशासाठी?" डॉक्टरांनी कागद चाळले. "बाहेरून दिलं तर मूल होणं उलट अवघड होतं. आणि यांना गरजच नाही. वजन वाढलं की बहुतेकदा ते घटतं, पण प्रत्येकाचं घटतंच असं नाही. यांचं मागच्या वर्षीही अगदी व्यवस्थित होतं, बाकीचे रिपोर्टही."

आईने मुलाकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

बाहेर जिन्यात ती थांबली. "म्हणजे, तिच्यात..."

"तिला बोललेलं मला सोसत नाही, आई. मला कोणी काही म्हणालं तर ते पोटावरून घसरून जातं. आणि पोट दिसलं, की कोणी रिपोर्ट मागत नाही."

आई कठडा धरून जिना उतरली. दोघं रिक्षाने घरी आली.

मावशी दारातच उभी होती. तिच्यामागे सून, पांढरीफटक.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणणार?" आईने सावकाश चपला काढल्या. "अजून कमीच आहे त्याचं. लहानपणापासूनच्या लठ्ठपणाचं असंच असतं म्हणाले, वजन उतरलं तरी भरून येत नाही. आता तूच सांग, असल्या माणसाला दुसरी मुलगी कोण देणार?"