पोलीस मित्र

पोलीस ठाण्यासमोर गाडी लावून श्रीरंगने काचेवरचं 'पोलीस मित्र' हे स्टिकर रुमालाने पुसलं. चौदा वर्षं गणपती बंदोबस्तात राबल्यावर साहेबांनी ते स्वतःच्या हातांनी लावलं होतं.

"माझ्या तुषारला कोठडीतून सोडतील ना रे दादा?" शेजारी बसलेल्या बहिणीने विचारलं.

"न सोडायला काय झालं? घरची माणसं आहेत आपली!"

आत साहेबांनी चहा मागवला. "भाचा होय तुमचा? आधी कळायला हवं होतं हो! चोरीचा मोबाइल त्याच्या खोलीत सापडल्याचा पंचनामा झालाय. खाली पंचाची सही आहे."

कागदावरची सही श्रीरंगची होती. सोमवारी 'तुम्ही आपलेच' म्हणत साहेबांनी पुढे केलेल्या कोऱ्या कागदांवर त्याने नेहमीसारख्याच चार सह्या ठोकल्या होत्या.

चहा तसाच टाकून तो बाहेर गाडीपाशी आला. पंचनाम्याचं ऐकताच बहीण कडाडली, "कोण तो मेला खोटारडा पंच? हात झडोत त्याचे!"

श्रीरंग नखांनी स्टिकर खरवडू लागला. बहिणीने झटकन त्याचा हात धरला.

"अरे, ते कशाला काढतोस? आता तेवढाच आधार आहे आपल्याला."