पहिला वाडगा

"जमीन गोठायच्या आत तो दगड वर काढायचाय, एबेन. अजून किती दिवस झुलवणार आहेस मला?"

फिलूरा थर्लोने एबेन डिमॉकला दफनभूमीच्या फाटकातच गाठलं होतं. एबेनने जन्मभर गावाचे दात उपटले आणि निवृत्त झाल्यावर दफनभूमी समितीचं अध्यक्षपद गळ्यात घालून घेतलं. फिलूरा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. शाळेत असल्यापासून दोघांना एकमेकांवाचून करमत नसे आणि दोघांचं एकमेकांशी पटतही नसे.

"दगड आहे तिथं सुखी आहे, थर्लोबाईसाहेब. तीनशे वर्षांची दाढ ती. हलवली की दुखणारच."

"दुखणार तुला. जळतोस मेल्या!"

"जळतो तर जळतो," एबेन म्हणाला आणि टोपी सावरत निघून गेला.

फिलूराला त्याची चीड आली, पण फारशी नाही. दगड आपल्याच बाजूने बोलणार, याची तिला खात्री होती. मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर पहिलं घर बांधणारा, कर्मठ प्युरिटन पंथाचा होपस्टिल थर्लो हा तिचा मूळपुरुष. दर डिसेंबरला पूर्वजदिनाच्या जेवणात सकटॅशचा, म्हणजे मका, घेवडा आणि खारवलेलं मांस घालून रटरटत शिजवलेल्या कालवणाचा पहिला वाडगा होपस्टिलच्या वंशजाला मिळे. त्यासाठी व्यासपीठावर वेगळं टेबल मांडलेलं असे. फिलूराने लग्न केलं नव्हतं, भाऊबंद उरले नव्हते. त्या टेबलाशी ती एकटीच ताठ बसे.

वाढायचा मान डिमॉकांचा. त्यांचा अमोस डिमॉक होपस्टिलचा गडी म्हणून त्याच्याच जहाजातून आला होता. खाली डिमॉकांची दोन लांबलचक टेबलं भरलेली असत. पोरं भांडत, म्हाताऱ्या एकमेकींच्या ताटातलं उचलत, कुणीतरी हटकून सफरचंदाचं सायडर सांडे. फिलूरा वरून नाक मुरडून बघे. मात्र तिची नजर तिथेच असे, हेही खरं.

आता हे जेवण भरवणाऱ्या इतिहास मंडळाला नवी सेक्रेटरी आली होती. वंश सिद्ध करा, नाहीतर वाडगा बंद, असं तिने गोड आवाजात सांगितलं. फिलूराने उन्हाळाभर खपून बापापासून थेट गिव्हन थर्लोपर्यंत पिढ्या जुळवल्या. गिव्हन म्हणजे 'दिलेला'. आपल्या पोरांना 'कृतज्ञ', 'धीर धर' अशी नावं ठेवणारी ती माणसं. तेव्हा हा देवाने दिलेला, हे थर्लोंच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त तो होपस्टिलचाच मुलगा याला पुरावा नव्हता. जुनं चर्च जळालं तेव्हा बाप्तिस्म्याच्या नोंदीही जळाल्या. राहिला त्याच्या थडग्याचा दगड. तोही निम्मा जमिनीत रुतलेला. वर दिसे ती कोरलेली पंखवाली कवटी आणि नाव. बापाचं नाव खाली असणार.

तसा फिलूराला स्वतःला पुरावा नकोच होता. अंधारातून उन्हात आलं की थर्लोंना शिंका येतात. तिचे वडील दर रविवारी चर्चच्या पायरीवर शिंकत, आजोबा शिंकत आणि तीही शिंके. याहून पक्की खूण कोणती? पण सेक्रेटरीला शिंक दाखवून भागणार नव्हतं. आणि वाडगा गेला, तर या गावात तिचं म्हणून काहीच उरणार नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात एबेन आपल्या दोन पुतण्यांना आणि पहारींना घेऊन हजर झाला.

"शेवटचं विचारतो, फिल," तो हळूच म्हणाला. आज बाईसाहेब नव्हतं. "सेक्रेटरीला मी सांगतो ना, थर्लो अस्सल म्हणून. माझ्या बापाने हा दगड एकदा सरळ केला होता. माझा शब्द ती मोडणार नाही."

"तुझ्या बापाने सरळ केला, तर मग इतका खोल कसा?"

"होता तितकाच खोल परत बसवला त्याने."

"अर्धवट काम करायची सवयच तुम्हा डिमॉकांना. आणि डिमॉकांच्या मेहेरबानीवर थर्लोंचा वाडगा? त्यापेक्षा उपाशी राहीन. घाला पहारी!"

एबेनने सुस्कारा टाकून मान हलवली. पुतण्यांनी जोर लावला. दगड आधी हलेना, मग कुरकुरला आणि अखेर चिखलासकट वर आला. त्यांनी तो फळीवर आडवा टेकवला. फिलूरा गुडघ्यांवर बसली आणि पाणी ओतून मऊ ब्रशने माती काढू लागली.

इतक्यात ढग सरले आणि लख्ख ऊन पडलं. फिलूरा शिंकली. तिच्या शेजारी एबेन शिंकला. मागे दोन्ही पुतणे एकामागून एक शिंकले.

"अरे, सगळ्या खानदानाला एकदम सर्दी!" फिलूरा हसत म्हणाली. "लांब व्हा जरा माझ्यापासून."

कुणीच लांब झालं नाही. तिने शेवटचा चिखल पुसला आणि चष्मा सावरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"येथे निजला आहे गिव्हन... अमोस डिमॉकचा सातवा मुलगा..."

पुढचं तिने मनात वाचलं.

*मूलबाळ नसलेल्या होपस्टिल थर्लोला दिलेला.*

तिने मान वर करून मघाशी शिंकलेल्या त्या तिघांकडे पाहिलं. एबेनने तिला उठवायला हात पुढे केला.

"चल, ताई," तो म्हणाला. "सकटॅश वाढायला आपल्यात नेहमी एक हात कमी पडतो."