टाकीचं झाकण

गाडी बंद पडली ती पोलादपूरला, नीलेशच्या गॅरेजच्या दारातच. जुनी डिझेल मॅटाडोर, आत दोन पलंग, एक शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. स्टिअरिंगवर एक मुलगी होती.

"सकाळपासून तिसऱ्यांदा," तिचे वडील खाली उतरत म्हणाले. "दहा मिनिटं चालते, मग गुदमरते. अर्धा तास उभी केली की परत चालू. बिरवाडीत एकाला दाखवली, तो म्हणाला पंप बदला. महाडातला म्हणाला इंजिन खोलावं लागेल."

"नि चारच्या आत पाचगणी गाठायची हाय," मागच्या पलंगावरून आजी बोलली. "आमच्या अक्षदाला बघायला पाव्हणे थांबलेत. आंबेनळीच्या घाटात बंद पडली तर काय करायचं रे?"

अक्षदा स्टिअरिंगवरच बसून होती. अंगावर साधा ड्रेस, बाहीला डिझेलचा डाग.

एक वाजला होता.

पंप

नीलेशने पंपाचा स्क्रू सैल केला, हाताने दाब दिला. डिझेल आलं, बुडबुडा नाही.

"पंप चांगला हाय."

"बदलून टाक की," वडील म्हणाले. "घाई आहे. नवा बसवला की डोक्याला ताप नाही."

"नवा बसवला तरी घाटात बंदच पडेल, काका. मग शिव्या मला."

वडिलांनी मान हलवली. स्क्रू त्यांनीच परत आवळला.

फिल्टर

तळाशी थोडा गाळ होता. बंद पडण्याइतका नव्हता. नीलेश फिल्टर धुईपर्यंत आजी खाली उतरून एका टायरवर बसली.

"आई असते का रे घरी?"

"असते. वर वाडीला. दोन म्हशी हायत तिच्या."

"नि तू इथे तेलात लोळतोस."

"मुंबईला तीन वर्षं लोळलो. तेल तेच. इथे झोप लागते."

"पितोस?"

"चहा."

"खोटं बोलतोस."

"मग शिमग्याला येऊन बघा, आजी."

आजी हसली. तोंडात दात चारच होते.

नळी

नीलेशने टाकीची नळी सोडवली. डिझेलचा एक कॅन आरशाच्या दांड्याला टांगला आणि त्याची नळी सरळ पंपाला जोडली.

"सेल मारा, ताई."

इंजिन चालू झालं. पाच मिनिटं. दहा. पंधरा. एकदाही अडखळलं नाही.

"म्हणजे इंजिन बरोबर, पंप बरोबर. दोष मागे हाय, टाकीकडे."

कॅन काढून त्याने टाकीची नळी परत जोडायला घेतली. तेराचा पाना त्याने मागायच्या आधीच वडिलांनी हातात दिला.

झाकण

नवव्या मिनिटाला इंजिन गुदमरायला लागलं. नीलेश टाकीकडे धावला आणि त्याने झाकण फिरवलं. टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. इंजिन सावरलं.

टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. डिझेल जितकं जाईल तितकी हवा आत यायला झाकणाला बारीक भोक असतं. नीलेशने झाकण उलटं केलं. भोकावर पांढरं मेण होतं, अंगठ्याने दाबून बसवलेलं. अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. लहानसा अंगठा.

त्याने वर पाहिलं. आरशातून अक्षदा त्याच्याचकडे बघत होती.

सव्वादोन झाले होते. आत्ता निघाली तर गाडी चारच्या आसपास पाचगणीला पोचणार होती. "आज होत नाय" एवढे तीन शब्द बोलला असता तर ती पोचली नसती.

तो झाकण घेऊन तिच्या खिडकीशी गेला.

"ताई, जायचं नसेल तर तोंडाने सांगा. मेणाने नको. घाटात वळणावर इंजिन गेलं तर ब्रेक जड होतो. मागे म्हातारी बसलीय."

"बाबांना सांगणार?"

"गाडीला काय झालेलं ते सांगणार. कोणी केलं ते सांगायचं काम माझं नाय."

"आणि मी म्हटलं, आजचा दिवस अशीच राहू द्या, तर?"

"नाय. गाडी नीट करूनच देणार."

त्याने टाचणीने मेण उकरून काढलं, भोकात फुंकर मारली, झाकण बसवलं. मग हात पुसत वडिलांसमोर येऊन उभा राहिला.

"झाकणाचं भोक बुजलेलं, काका. मोकळं केलं. आता कुठेही जा." थोडा थांबून तो म्हणाला, "फक्त जायच्या आधी पोरीला एकदा विचारा, तिला जायचंय का."

वडील खोकले.

"लई शहाणा हायस रे," आजी म्हणाली.

"विचारतो," वडील म्हणाले.

गाडी घाटाच्या रस्त्याला लागली. नीलेश ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मग आत जाऊन त्याने दुसऱ्या गाडीचं चाक उतरवायला घेतलं.

पहिल्या वळणाआड अक्षदाने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. डॅशबोर्डवरचा मेणबत्तीचा तुकडा उचलून तिने वडिलांकडे दिला. वडिलांनी तो खिडकीतून झाडीत भिरकावला. मागे आजीने स्थळं सुचवणाऱ्या राजश्रीला फोन लावला.

"राजश्री, ऐक गो. ते बिरवाडीचं पंपवालं नि महाडातलं इंजिनवालं, दोन्ही स्थळांना नाय म्हणून कळव. नि पोलादपूरच्या नीलेशच्या आईला सांग, रविवारी पोहे खायला येतो. होय, अक्षदाला इचारलं. फक्त तो तिला ताई म्हणाला, दोनदा. त्ये तेवढं त्याच्या आईला सांगू नको."