शेजारी बसून

लोक ॲप कसं वापरतात, ते शेजारी बसून बघायचं, ही माझी नोकरी. औषधांच्या ॲपसाठी बोलावलेल्या आजींनी चष्मा पुसला, बोट डोस बदलायच्या बटणापर्यंत नेलं, मागे घेतलं आणि हसून म्हणाल्या, "हो हो, कळलं."

नुसतं 'कळलं' म्हणाल्या असत्या तर प्रश्न नव्हता. 'हो हो' आलं की समजायचं, सगळं डोक्यावरून गेलंय. माणूस फक्त आपली सुटका करून घेतोय.

पण मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून गोषवारा आता एआय काढतं. त्याने लिहिलं, 'डोस बदलणं वापरकर्तीला समजलं.'

साहेब खूश. "बघ, मिनिटभरात झालं. पुढच्या महिन्यापासून तुझी टीम लागणार नाही."

"सर, माझं जाऊ द्या. पण त्या आजींना कळलेलं नाही. एका गोळीऐवजी दोन घेतील. त्यांचं बोट अडलं, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही, शेजारी बसल्यावरच दिसतं. ॲप असंच सोडू नका, कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

साहेबांनी स्क्रीनवरून नजर न काढता मान डोलावली.

"हो हो, कळलं."