ऑफिस अवर

काकू दाराबाहेर उभ्या होत्या. दारावर पाटी होती, ‘ऑफिस अवर : बुधवार, चार ते पाच’. आता ऑफिसच्या वेळेत साहेबाच्या दारावर टकटक करायची नसते, हे काकूंना कोणी शिकवायला नको होतं. अर्धं आयुष्य त्यांनी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. साहेब कामात असला की बाहेर थांबायचं आणि तो चहाला उठला की गाठायचं, ही तिथली रीत.

आज गाठायचं होतं संख्याशास्त्राच्या मॅडमना. काकूंना तो विषय सोडायचा होता. अर्जावर मॅडमची सही घ्यायची आणि पाचच्या आत तो खालच्या खिडकीवर द्यायचा, नाहीतर वर्षभर विषय मानगुटीवर बसणार.

न सोडून करणार काय? मोठ्या हौसेनं नोकरी सोडून विद्यापीठात नाव घातलं, आणि इथे माणसं बोलतात की तारा पाठवतात तेच कळेना. कचेरीत टीए म्हणजे प्रवासभत्ता. इथे टीए निघाला कोवळी दाढी राखलेला एक पोरगा, म्हणे तो मॅडमचा मदतनीस. कचेरीत सीएल म्हणजे किरकोळ रजा, इथे सेंट्रल लायब्ररी. तिथेही पोरं टेबलावर डोकं टेकून घोरतच होती, तेव्हा फार फरक नव्हता म्हणा! हे सगळं काकूंनी हसत पचवलं. पण मॅडम पहिल्या दिवसापासून फळ्यावर ‘एसडी’ लिहायच्या आणि अख्खा वर्ग नंदीबैलासारखा माना डोलवायचा. त्या माना बघून काकूंना वाटायचं, सगळ्यांना कळतं, आपल्यालाच कळत नाही. सकाळी लेकीला फोनवर “नाही झेपत गं” म्हणाल्या आणि फोन ठेवून चक्क रडल्या.

“काकू, इथे थांबायचं असतं का?” वर्गातला एक कुरळ्या केसांचा मुलगा जिना चढून आला होता.

“मग? आत मॅडमचा ऑफिस अवर चाललाय.”

एवढी मोठी बाई एवढ्या ठामपणे सांगतेय म्हणजे तसंच असणार. कुरळ्या निमूटपणे मागे उभा राहिला. त्याच्यामागे एक चष्मेवाली आली. ती दोनदा येऊन दारावरूनच परत गेली होती म्हणे, आज काकूंना बघून धीर आला. मग रांग दिसली म्हणून आणखी चार-पाच जण चिकटले. बघता बघता रांग जिन्यापर्यंत गेली.

“हळू बोला रे, मॅडम कामात आहेत,” काकू मधूनमधून दटावत होत्या.

तेवढ्यात दार उघडलं. रिकामी पाण्याची बाटली हातात घेऊन मॅडम बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. काकूंच्या लेकीएवढी मुलगी, यंदाच शिकवायला लागलेली.

“तुम्ही सगळे इथे का उभे आहात?”

“तुमचा ऑफिस अवर चाललाय ना, तुम्ही चहाला उठायची वाट बघतोय,” काकू म्हणाल्या. “तुमच्या कामात खोळंबा नको.”

“अहो, ऑफिस अवर म्हणजे तुम्ही यायची वेळ! तुम्हाला अडलेलं विचारायला ठेवलेला तास आहे तो.” मॅडम हसायला लागल्या, पण डोळे भरलेच. “मी दर बुधवारी खुर्च्या मांडून बसते. कोणी फिरकत नाही. मला वाटलं, माझं शिकवणं इतकं वाईट आहे की पोरांनी नादच सोडलाय.”

“अगं बाई!” काकूंनी रांगेला आत पिटाळलं.

सगळे आत घुसले. खुर्च्या कधीच भरल्या, उरलेले भिंतीला टेकले, कुरळ्यानं फळ्यासमोर फतकल मारली. मॅडमनी काकूंच्या हातातला अर्ज पाहिला. त्यांचा चेहराच उतरला.

“विषय सोडताय? द्या, सही करते.”

काकूंनी हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. सोडायचाच आहे तर आता लाज कसली?

“सहीचं बघू. आधी एक सांगा मॅडम, ते एसडी, एसडी म्हणजे असतं तरी काय?”

चष्मेवालीनं सुस्कारा सोडला. “बरं झालं काकू, तुम्ही विचारलंत. मलाही नाही माहीत.”

“मलापण,” भिंतीकडून आवाज आला. आणखी दोन-तीन हात वर झाले.

“मग वर्गात माना कसल्या डोलवता रे, मेल्यांनो?” काकू कडाडल्या. “मी इकडे रडून रडून अर्धी झाले!”

हशा पिकला. मॅडमनी खडू उचलला आणि फळ्यावर दोन ओळींत ठिपके काढले. एका ओळीतले सगळे मधल्या रेघेला खेटून, दुसरीतले लांब लांब पांगलेले. “दोन्हीकडे सरासरी एकच. पण ठिपके सरासरीपासून किती पांगलेत, ते मोजायचं माप म्हणजे एसडी. प्रमाण विचलन.”

काकू टक लावून बघत राहिल्या. मग एकदम मांडीवर थाप मारली.

“अहो, हे तर आमचे दोन साहेब! सरासरी काढली तर दोघंही दहाला कचेरीत. पण एक रोज दहाच्या ठोक्याला हजर, आणि दुसरा आज नवाला, तर उद्या अकराला!”

“मग कोणाचा एसडी जास्त?” मॅडमनी विचारलं.

“दुसऱ्याचा! आणि जाच आम्हाला!”

“अगदी बरोबर!” मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की खडूच मोडला. उरलेल्या तुकड्यानं त्या भराभर पुढचं लिहायला लागल्या.

“काकू, पाच वाजायला आले,” कुरळ्यानं मागे वळून आठवण करून दिली. “खिडकी बंद होईल तुमची.”

“होऊ दे,” काकू म्हणाल्या. “तू जरा ते केसांचं टोपलं बाजूला घे, मला फळा दिसत नाहीये.”