ओरेस्तेच्या नावावर

एजिदिओची सही कागदावरची रेघ ओलांडून खाली घसरली. नगरपालिकेतून आलेल्या कारकून बाईंनी चालेल म्हणून सांगितलं, शिक्का मारला आणि कागद ओरेस्तेपुढे सरकवला. ओरेस्तेनं शाळकरी पोरासारखी जपून सही केली. एकोणीसशे त्रेपन्न सालची लाल गुत्झी मोटरसायकल आता त्याची झाली.

"अभिनंदन," बाई हसून म्हणाल्या. त्यांनी चष्मा डबीत ठेवला आणि गॅरेजबाहेर पडल्या.

एकतीस वर्षं ओरेस्ते ही मोटरसायकल मागत होता. तळ्याकाठच्या कारखान्यात दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून इंजिनं जुळवली होती. दर वर्षी गावच्या जत्रेत, दुसरा प्याला रिकामा झाला की तो विचारायचा, काय रे, देतोस का? आणि एजिदिओ चारचौघांना ऐकू जाईल असं सांगायचा, मी मेल्यावर ये, बायकोशी बोल. सगळे हसायचे. एका वर्षी ओरेस्ते विचारायचं विसरला, तर एजिदिओ चार दिवस त्याच्याशी धड बोलला नव्हता.

सोमवारी एजिदिओच्या बायकोचा, एर्मिनियाचा, फोन आला. तिचा नवरा म्हणत होता, गाडी येऊन घेऊन जा. ओरेस्तेनं फोन ठेवला आणि समोरचं ताट तसंच झाकून ठेवलं.

आता एजिदिओ चाकांच्या खुर्चीत बसला होता. नाकात नळी, मांडीवर घोंगडी. काल इस्पितळातून आलेल्या दोघांनी त्याला उचलून जिन्यावरून खाली आणलं होतं. मोटरसायकल भिंतीशी उभी होती. तिच्या टाकीवर धुळीचा कण नव्हता. फडकं कुणी फिरवलं असेल, हे ओरेस्तेला विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही.

"नावावर झाली ते ठीक," तो म्हणाला. "पण राहू दे इथंच. माझ्याकडे जागा कुठंय? तू जरा बरा झालास की बघू."

"जागा आहे तुझ्याकडे," एजिदिओ म्हणाला. "एप्रिलमध्येच शेड रिकामी केलीस. चुनासुद्धा लावलास."

ओरेस्तेनं मान खाली घातली. एप्रिलमध्ये तोच एजिदिओला घेऊन मोठ्या इस्पितळात गेला होता. डॉक्टर बोलले तेव्हा तोच शेजारच्या खुर्चीत होता. गावाला एर्मिनियानं नुसता खोकला आहे म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं. आणि त्याच आठवड्यात, का ते स्वतःलाही न सांगता, त्यानं शेडमधली लाकडं बाहेर काढली होती.

"मी तुला बोल लावत नाही," एजिदिओ म्हणाला. एवढ्यानंही त्याला धाप लागली. "मीही तेच केलं असतं."

एर्मिनिया टेप घेऊन आली आणि भिंतीपासून दारापर्यंतचं माप घेऊ लागली. गुरुवारी इथं पलंग येणार होता, इस्पितळात असतो तसला, वर-खाली होणारा. जिना आता एजिदिओच्यानं चढवणार नव्हता, आणि पेट्रोल आणि प्राणवायू एका खोलीत ठेवायचे नाहीत, असं नर्सनं बजावलं होतं. दाराला लावायला तिनं फिकट हिरवा पडदा आणला होता. जमिनीवरचा तेलाचा डाग लाकडाच्या भुशानं निघेल का, असं तिनं ओरेस्तेला विचारलं. निघेल, तो म्हणाला. निघणार नाही हे दोघांना माहीत होतं.

त्यानं स्टँड काढला, गाडी दाराच्या तोंडाशी आणली आणि सवयीनं किकवर पाय ठेवला.

"नको."

ओरेस्ते थांबला.

"चालू करू नकोस. खालच्या वळणापलीकडे गेलास तरी नको, तळ्यावरून आवाज माघारी येतो." एजिदिओनं श्वास घेतला. "आणि पुढेही या रस्त्यानं आणू नकोस तिला. वरच्या रस्त्यानं फिरव."

"मग तुला भेटायला कसा येऊ?"

"चालत ये."

एर्मिनियानं टेप गुंडाळली. ओरेस्तेला वाटलं, मित्राच्या खांद्यावर हात ठेवावा. पण पावणेदोनशे किलोंची गाडी दोन्ही हातांत होती. तो तसाच बाहेर पडला.

उतार संपला आणि चौकाकडचा चढ लागला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं हे काम नव्हतं. शर्ट पाठीला चिकटला. बारसमोर खुर्च्या टाकून बसलेली कारखान्यातली जुनी मंडळी त्याला बघून उठलीच.

"दिली का रे शेवटी त्या कंजुषानं!" ग्वाल्तिएरो म्हणाला. बार त्याचाच. तो पांढऱ्या वाइनचा प्याला घेऊन रस्त्यावर आला आणि त्यानं तो ओरेस्तेच्या तोंडालाच लावला, कारण त्याचे हात मोकळे नव्हते. "घ्या मालक. पण हे काय, पहिल्याच दिवशी ढकलत?"

वाइन हनुवटीवरून गळ्यावर ओघळली. "बंद पडली," ओरेस्ते म्हणाला.

मंडळी खो खो हसली. एकतीस वर्षं रडून मिळवली आणि दोनशे पावलांत बंद, कुणीतरी म्हणालं. दोघं ढकलायला पुढे आले. ओरेस्तेनं मानेनंच नको म्हटलं आणि पुन्हा जोर लावला.

"अरे, मागे फिर की," ग्वाल्तिएरो पाठीमागून ओरडला. "एजिदिओला खाली बोलाव. त्याचा नुसता पाय लागू दे, लगेच चालू होईल."